देणेकरी नसलेल्या राजाची भरपाई

पानिपतच्या पराभवाचा हिशेब मराठी मनाला पाठ आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता पेशव्यांना सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत कळली. मोठे सरदार त्यात मोती आणि मोहरा म्हणून मोजले गेले; बाकीची माणसे अगणित खुर्द्यात जमा झाली. लष्करासोबत तीर्थयात्रेच्या ओढीने निघालेल्या आणि विजेत्यांनी गुलाम म्हणून वाटून घेतलेल्या हजारो स्त्रिया-मुलांसाठी मात्र त्या पत्रात वेगळे नाणेच नव्हते. गुलामगिरी आणि ऐतिहासिक अन्याय यांच्या भरपाईचा वाद आज जगभर चालू आहे. तो समजून घेण्यासाठी पानिपतच्या सावलीतले एक चरित्र उपयोगी पडते. ते आहे भरतपूरचे महाराजा सूरजमल यांचे.

सूरजमल १७०७ मध्ये जन्मले. औरंगजेबाचा मृत्यूही त्याच वर्षीचा. मोगल सत्ता खिळखिळी होत असताना बदनसिंहांनी उभारलेल्या जाट राज्याला त्यांनी किल्ले, खजिना आणि शिस्त दिली. भरतपूरचा लोहगड आणि डीगचे महाल ही त्यांच्या काळाची खूण. ते संत मात्र नव्हते. १७५३ मध्ये त्यांच्या फौजांनी जुनी दिल्ली लुटली. ती लूट जाटगर्दी म्हणून ओळखली जाते आणि तिची झळ सामान्य नागरिकांनाच बसली.

पुढच्याच वर्षी ते स्वतः वेढ्यात सापडले. रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर यांच्या फौजा कुम्हेरच्या किल्ल्यासमोर महिनोन्‌महिने ठाण मांडून बसल्या. तेथेच मार्च १७५४ मध्ये मल्हाररावांचे पुत्र, अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफगोळ्याने ठार झाले. अखेर सूरजमल यांनी खंडणी कबूल केली आणि वेढा उठला. जाट मुलुखाच्या वहीत मराठ्यांकडून काही येणे निघत असेल, तर ते या वेढ्याचे होते.

तरीही १७६० मध्ये ते सदाशिवराव भाऊंना येऊन मिळाले. बायका-मुले आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावे, अब्दालीशी गनिमी काव्याने लढावे, हा त्यांचा सल्ला मानला गेला नाही. मतभेद वाढले आणि ते दिल्लीहून परतले.

काही महिन्यांनी पानिपतहून दक्षिणेकडे निघालेले जखमी, उपाशी, उघडे पडलेले लोक मथुरा-भरतपूरच्या मुलुखात येऊ लागले. सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना अन्न-वस्त्र दिले, जखमींवर उपचार केले, वाटखर्च आणि सोबत देऊन ग्वाल्हेरकडे रवाना केले. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेर बहादूर जखमांनी डीग येथे वारले, तेही याच आश्रयाखाली. त्या वेळी विजयी अब्दाली दिल्लीत होता. त्याच्या शत्रूंना आसरा देणे म्हणजे त्याचा रोष स्वतःच्या राज्यावर ओढवून घेणे होते.

भरपाईचा आजचा वाद बहुधा दोन प्रश्नांपाशी अडतो: दोषी कोण, आणि त्याचे देणे वारसांनी का फेडावे? सूरजमल यांनी यांतला कोणताही प्रश्न विचारला नाही. ते देणेकरी नव्हतेच. पण दयेवर भिस्त ठेवणाऱ्या धोरणाची मर्यादाही इथेच दिसते. भरतपूरच्या वेशीपर्यंत जे पोहोचले, तेच वाचले. अफगाण फौजेसोबत वायव्येकडे नेलेल्यांपैकी काहींना पंजाबात शीख जथ्यांनी सोडवले. उरलेल्यांसाठी कोणी खंडणी दिली नाही की यादी केली नाही. बलुचिस्तानातील डेरा बुगटीत आजही मराठा म्हणवणारा समाज आहे. आपले पूर्वज पानिपतचे बंदिवान होते, ही त्यांच्यातली परंपरा.

हिशेब कोण लिहितो, यावर न्याय कसा ठरतो, हे ब्रिटनने दाखवले. १८३३ च्या गुलामगिरी निर्मूलन कायद्यान्वये २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती मालकांना. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. मालकांचे दावे मात्र इतके काटेकोर नोंदले गेले, की ते आजही वाचता येतात. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. देणे वारसांकडे जात नाही, हा युक्तिवाद त्यानंतर लंगडा पडतो.

सूरजमल यांनी जून १७६१ मध्ये आग्रा घेतले. २५ डिसेंबर १७६३ रोजी दिल्लीजवळ नजीबखानाच्या फौजेशी लढताना ते मारले गेले. २०१९ मध्ये ‘पानिपत’ चित्रपटातील त्यांच्या चित्रणावरून राजस्थान-हरियाणात निदर्शने झाली, तेव्हा आपल्याला त्यांची आठवण झाली.

दर १४ जानेवारीला पानिपतच्या काला अंब स्मारकापाशी वीरांना वंदन होते. ते व्हावेच. पण महाराष्ट्र आणि हरियाणा सरकारांनी एक काम आणखी हाती घ्यावे. बखरी, दफ्तरे, घराण्यांच्या वंशावळी आणि कुरुक्षेत्र-हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या तपासून त्या बंदिवानांची शक्य तेवढी यादी तयार करावी. अडीचशे वर्षांनंतर अब्दालीकडून वसुली होणार नाही. मोजायचे राहून गेलेल्यांना हिशेबात घेणे मात्र अजून आपल्या हाती आहे, आणि ते देणे आपले स्वतःचे आहे.