बेसी कोलमन: घरच्या देशाने दार लावलं, लायसन्स फ्रान्सने दिलं

ज्या देशात जन्म घेतला, त्या देशातल्या एकाही विमानशाळेने तिला आत घेतलं नाही. म्हणून ती समुद्र ओलांडून गेली, परक्या भाषेत शिकली, परक्या देशाचं लायसन्स खिशात घालून परत आली आणि त्याच कागदावर आपल्या लोकांच्या डोक्यावरून विमान फिरवलं. बेसी कोलमन हे नाव अमेरिकेत शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आपल्याकडे मात्र तिच्याबद्दल फारसं कोणी लिहिलेलं आम्हांला दिसलं नाही. म्हणून हा लेख.

बेसीचा जन्म 26 जानेवारी 1892 चा. गाव अटलांटा, पण जॉर्जिया राज्यातलं ते मोठं शहर नव्हे, टेक्सासमधलं त्याच नावाचं छोटं गाव. तेरा भावंडांत ती दहावी. आई काळी, वडिलांच्या अंगात काळ्यांबरोबर मूळ अमेरिकन टोळ्यांचंही रक्त. कुटुंब पुढे वॅक्सहाची गावी आलं. 1901 मध्ये वडील टेक्सासमधल्या वंशभेदाला कंटाळून ओक्लाहोमाच्या बाजूला निघून गेले. आई गेली नाही. लोकांच्या घरी काम करून तिने पोरांना वाढवलं. बेसी रोज चार मैल चालत एका खोलीच्या शाळेत जायची. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा बंद, सगळं घर शेतात. गणितात पोरगी पक्की होती. पुढे लोकांचे कपडे धुऊन पैसे साठवले आणि ओक्लाहोमातल्या लँगस्टन इथल्या काळ्यांच्या कॉलेजात नाव घातलं. एक सत्र झालं आणि पैसे संपले. परत घरी, परत धुणं.

विशीच्या पुढे गेल्यावर ती शिकागोला भावांकडे आली. पुरुषांच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखं कापून, घासून, चमकवून देण्याचं काम धरलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर भाऊ जॉन फ्रान्सहून परतला. तिकडच्या बाया विमानं उडवतात, तुम्हांला ते जमायचं नाही, असं तो बहिणीला चिडवायचा. भावाच्या चेष्टेतून पोरगी इतकी पेटेल असं त्या बिचाऱ्यालाही वाटलं नसेल!

तिने एकामागून एक विमानशाळांकडे विचारणा केली. एक तर बाई, त्यात काळी. सगळीकडून नकार. तेव्हा शिकागोतल्या काळ्या समाजाच्या मोठ्या वर्तमानपत्राचे, म्हणजे शिकागो डिफेंडरचे, संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला मार्ग सुचवला: इथे डोकं आपटू नकोस, फ्रेंच शीक आणि फ्रान्सला जा. तिने शिकागोतच फ्रेंचची शिकवणी लावली. स्वतःची बचत होती, त्यात समाजातल्या पैसेवाल्यांनी हात दिला. नोव्हेंबर 1920 मध्ये ती न्यूयॉर्कहून बोटीत बसली. आमच्या मते हा भाग नीट वाचण्यासारखा आहे. अ‍ॅबट यांनी नुसतं कौतुक केलं नाही. कुठे जायचं, आधी काय शिकायचं हे सांगितलं. समाजातल्या शिकलेल्या माणसाचं काम ते हेच.

उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी ल क्रोतॉय नावाचं गाव आहे. तिथे कोद्रों बंधूंची विमानशाळा होती. शिकायला न्यूपोर्ट जातीचं विमान, एकावर एक दोन पंखांचं, लाकूड आणि कापडाचं. ब्रेक नाहीत, गोल स्टिअरिंग नाही. हातात एक दांडी आणि पायाखाली एक आडवी पट्टी, एवढ्यावर सगळं सांभाळायचं. तिच्या डोळ्यांसमोर एक विद्यार्थी अपघातात गेला. ती घाबरली, पण थांबली नाही. सात महिन्यांत शिकणं पुरं केलं आणि 15 जून 1921 रोजी तिला लायसन्स मिळालं. काळ्या अमेरिकन बाईला मिळालेलं हे वैमानिकाचं पहिलं लायसन्स. एक गंमत अशी की त्या कागदावर जन्मसाल 1896 पडलं आहे. चार वर्षं खिशात घातली बाईने.

आता हे लायसन्स म्हणजे काय होतं, ते समजून घेऊ. ते फ्रान्स सरकारचं नव्हतं. फेदेरासियों एरोनोतिक अँतरनासियोनाल, म्हणजे एफएआय, या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावाने ते निघायचं. देशोदेशींचे एरो क्लब तिचे सभासद. एका देशाच्या क्लबने परीक्षा घेतली की दुसऱ्या देशातही तो कागद ओळखला जायचा. आपल्या मुंबईच्या जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळालं, तेही एफएआयच्याच नावाने. आणि अमेरिकेत तेव्हा वैमानिकांसाठी केंद्र सरकारचा कायदाच नव्हता. त्यामुळे सप्टेंबर 1921 मध्ये बेसी न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिला कुणाकडे जाऊन लायसन्स बदलून घ्यायची गरज पडली नाही.

कागद चालला. काम मात्र मिळालं नाही. हवाई प्रवासाच्या कंपन्या अजून उभ्या राहायच्या होत्या, डाक नेणाऱ्या नोकऱ्या गोऱ्या पुरुषांच्या. उरलं काय, तर मैदानावर लोक जमवून विमानाच्या कसरती दाखवणं. त्यासाठी वेगळं कसब लागतं आणि ते शिकवायला घरी कोणी तयार नाही. मग 1922 च्या सुरुवातीला ती परत युरोपला गेली. फ्रान्समध्ये पुढचं शिकली, हॉलंडमध्ये विमानं बनवणाऱ्या फोकर यांना भेटली, जर्मनीतही उडाली. परत आल्यावर 3 सप्टेंबर 1922 रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्डवर तिचा पहिला कार्यक्रम झाला, महायुद्धात लढून आलेल्या काळ्या पलटणीच्या सन्मानार्थ. लोक तिला क्वीन बेस म्हणू लागले.

तिच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती: आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायची. त्यासाठी पैसा हवा, म्हणून कार्यक्रम. आणि कार्यक्रमासाठी विमान हवं. परवडलं ते लष्कराने मोडीत काढलेलं जुनं जेनी जातीचं विमान. फेब्रुवारी 1923 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लोक मैदानावर वाट बघत होते. ती उडाली आणि तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. पुढचे बरेच महिने बिनकामाचे गेले.

1925 मध्ये ती टेक्सासला परतली. ह्यूस्टनमध्ये 19 जूनला, म्हणजे तिथल्या गुलामांना मुक्तीची खबर मिळाल्याच्या दिवशी, तिने विमान उडवलं. नंतर तिच्याच वॅक्सहाची गावात कार्यक्रम ठरला. आयोजकांनी गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरं असा बेत केला. बेसीने सांगून टाकलं की फाटक एकच असेल तर उडेन. आयोजक नमले. आत मात्र बसायच्या जागा वेगवेगळ्याच राहिल्या. अर्धीच जीत म्हणा, पण ज्या गावात तिने कापूस वेचला होता तिथली ती जीत होती. एका सिनेमात काम मिळालं होतं, तेही तिने सोडलं. फाटक्या कपड्यांत, हातात काठी, पाठीवर गाठोडं असं पहिलंच दृश्य होतं. पैशाची गरज असताना तिने ही इज्जत सांभाळली. त्या काळात असा नकार किती महाग पडला असेल याचा विचार करा.

एप्रिल 1926. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये 1 मे रोजी कार्यक्रम होता. डॅलसमध्ये घेतलेलं जुनं जेनी मेकॅनिक विल्यम विल्स उडवत घेऊन आला. वाटेत ते विमान अनेकदा बिघडून खाली उतरवावं लागलं होतं. 30 एप्रिलच्या सकाळी दोघं मैदान बघायला वर गेले. विल्स चालवत होता. दुसऱ्या दिवशी पॅराशूटने उडी मारायची होती, जागा हेरायला खाली वाकून बघता यावं म्हणून बेसीने पट्टा बांधला नव्हता. विमान अचानक नाक खाली करून कोसळू लागलं, उलटं झालं आणि ती बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. पुढे तपासात दिसलं की एक सुटा पाना यंत्रात जाऊन अडकला होता. वय चौतीस. शाळा राहूनच गेली. शिकागोतल्या अंत्यविधीला हजारो लोक आले.

ती गेली त्यानंतर बरोबर वीस दिवसांनी, 20 मे 1926 रोजी, अमेरिकेत विमान वाहतुकीचा कायदा झाला. वैमानिकाचं लायसन्स, विमानाची तपासणी, सगळं सरकारकडे आलं. ते जुनं जेनी या तपासणीतून पास झालं असतं का, हा प्रश्न आम्हांला सतावतो. मग 7 डिसेंबर 1944 रोजी 52 देशांनी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या, त्याही शिकागोतच. आजचा नियम त्या करारातून आला आहे: विमानाची नोंदणी ज्या देशाची, लायसन्स त्या देशाचं हवं किंवा त्या देशाने मान्य केलेलं हवं.

म्हणूनच अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत लायसन्स काढून आलेल्या आपल्या मुलामुलींना व्हीटी अक्षरांच्या भारतीय विमानात नोकरीसाठी बसण्याआधी ते डीजीसीएकडून बदलून घ्यावं लागतं. हवाई नियम, नॅव्हिगेशन आणि हवामानशास्त्राच्या परीक्षा, रेडिओचा वेगळा परवाना, क्लास वन मेडिकल, 200 तासांचा हिशेब आणि उड्डाणाची चाचणी. घर गहाण टाकून पोराला बाहेर पाठवणाऱ्या आई-वडिलांना आमचं एवढंच सांगणं आहे की मेडिकल आधी इथे करून घ्या. लाखो रुपये खर्चून परत आल्यावर डोळ्यात किंवा कानात दोष निघाला तर तो कागद भिंतीला लावण्यापुरताच उरतो.

बेसीची शाळा तिच्या हातून झाली नाही, पण 1929 मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावाने एरो क्लब काढला आणि तिथे काळी पोरं-पोरी विमान शिकली. 1992 मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या काळ्या बाईने, मे जेमिसनने, सोबत बेसीचा फोटो नेला. 1995 मध्ये अमेरिकेने तिचं टपाल तिकीट काढलं. शिकागोच्या लिंकन कब्रस्तानात ती दफन आहे. 1931 पासून काळे वैमानिक तिच्या कबरीवरून विमान नेऊन वरून फुलं टाकू लागले.