फुलमाळ्याचा मुलगा आणि नगरपालिकेचा पैसा

एखाद्या गरीब वस्तीत मुलांना खेळायला बाग नसली, की आपण नगरपालिकेकडे बोट दाखवितो. ते योग्यच आहे. कराचा पैसा कोणाच्या अंगणात खर्च व्हावा, हा प्रश्न पुण्यात महात्मा जोतिराव फुले यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारला होता.

जोतिरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. वडीलधाऱ्यांनी पुण्यात फुलांचा धंदा केला, पेशव्यांना हारगजरे पुरविले, आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. १८४८ मध्ये जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवीत. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या वस्त्यांना पाणीच मिळत नव्हते. बाग तर दूरच राहिली.

१८७६ मध्ये ते नगरपालिकेचे सभासद झाले. ते स्वतः सरकारी कामांची कंत्राटे घेत, त्यामुळे दगडचुन्याचा हिशेब त्यांना कोणी शिकवायला नको होता. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी १,००० रुपयांची मंजुरी मागण्यात आली. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाला द्यावी, असे जोतिरावांनी सुचविले. मत घेतले तेव्हा विरोधात ते एकटेच! आम्हाला त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग फार मोठा वाटतो. भरसभेत एकट्याने हात वर करणे सोपे नसते.

पुढे ३ लाखांहून अधिक खर्चाची मंडई बांधण्याचे ठरले. तोवर बाजार शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरे, तेव्हा मंडई अगदीच नको होती असे आम्ही म्हणणार नाही. पण गरिबांच्या शाळांना पैसा नसताना एवढी इमारत कशाला, म्हणून जोतिराव आणि हरि रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी हेच मांडले: सारा भरतो शेतकरी, आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गाची मुले.

मंडई झालीच. १८८६ मध्ये ती गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली. जोतिराव १८९० मध्ये वारले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिचे नाव बदलले, आणि आज त्याच दगडी इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात.