र. धों. कर्वे : ज्यांचा खटला बाबासाहेबांनी लढवला

वकील म्हणून बाबासाहेबांनी लढवलेले खटले म्हटले की आपल्याला चवदार तळ्याचा दावा आठवतो, थोडे वाचन असेल तर ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरचा खटलाही आठवतो. 1934 सालचा एक खटला मात्र जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. त्यात आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे. गुन्हा काय, तर आपल्या मासिकात त्यांनी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली होती. बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि खटला हरले.

हा हरलेला खटला नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा असे मला वाटते. वस्त्यांत आणि वसतिगृहांत किशोरवयीन मुलामुलींची सत्रे घेताना आम्ही एक प्रश्नपेटी ठेवतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. त्या चिठ्ठ्यांतले निम्मे प्रश्न 1930 च्या दशकात कर्व्यांना येणाऱ्या पत्रांतून उचलल्यासारखे असतात.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा, कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाई 1891 मध्ये बाळंतपणात गेल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या लोकांनी कुटुंबावर बहिष्कार टाकला. (बहिष्कार हा शब्द आपल्याला फार जवळचा. पण ब्राह्मण कुटुंबाला पुनर्विवाहासाठी वाळीत टाकणे आणि अख्ख्या समाजाला जन्मापासून गावकुसाबाहेर ठेवणे यांना एका तराजूत तोलू नये.) एवढे खरे, की जातपंचायतीच्या रागाला न घाबरण्याचे बाळकडू या मुलाला घरातच मिळाले. पुढे तो वडिलांच्याही पुढे गेला. वडिलांना स्त्रियांचे शिक्षण आणि विधवांचे पुनर्वसन हवे होते. मुलाला त्याशिवाय बाईचा तिच्या शरीरावरचा हक्क हवा होता, कामसुखाच्या हक्कासकट.

हुशार माणूस. गणित घेऊन फर्ग्युसनमधून पदवी, मग सरकारी महाविद्यालयांत शिकवणे, 1919 मध्ये गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिस. परत आल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकी. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, ‘राइट एजन्सी’ या नावाने. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे प्रसिद्ध केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. म्हणजे साऱ्या जगात हा विषय नुकता कुठे उंबऱ्याबाहेर पडत होता आणि त्याच वेळी मुंबईत एक गणिताचा मास्तर लोकांना साधने देत होता, ती कशी वापरायची हे समजावत होता. विल्सन मिशनऱ्यांचे कॉलेज. प्राध्यापकाने असल्या विषयावर उघड बोलणे त्यांना पटणारे नव्हते. 1925 मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली, काम सोडले नाही.

पत्नी मालतीबाईंच्या साथीशिवाय हे निभावले नसते. दोघांनी ठरवून मूल होऊ दिले नाही आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. या एका गोष्टीपाशी मी नेहमी थांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली आहे अशा स्त्रिया 0.3 टक्के होत्या. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याविना होणारी, त्याच दिवशी घरी सोडणारी. तरी आपल्या मोहल्ल्यात विचारून पाहा. अशक्तपणा येतो, ओझे उचलता येत नाही, मर्दानगी जाते, हीच उत्तरे मिळतील. हमालाला, गवंड्याला ही भीती खरी वाटते, कारण त्याची भाकरी अंगमेहनतीवर आहे. तिच्यावर हसून भागत नाही, डॉक्टरकडून समजावून द्यावे लागते. कर्व्यांनी स्वतःचे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीच घालून दिले होते.

15 जुलै 1927 ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. साल लक्षात ठेवा. मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’, जुलैमध्ये ‘समाजस्वास्थ्य’ आणि डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. एकीकडे पाण्याला शिवण्याचा विटाळ मोडला जात होता, दुसरीकडे शरीराबद्दल बोलण्याचा. या दोन विटाळांचे मूळ एकच आहे असे माझे मत आहे. बाईचे शरीर जातीच्या पहाऱ्यात ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, हे बाबासाहेबांनी 1916 मध्येच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते.

मासिकात काय असायचे? गर्भधारणा कशी होते, ती टाळता कशी येते, पाळीचे चक्र, गुप्तरोगांपासून बचाव, आहार, नग्नतेबद्दलचे विचार, धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या नीतीची चिरफाड. आणि वाचकांची प्रश्नोत्तरे. पेनिसिलिन यायच्या आधीचा हा काळ आहे. गरमी आणि परमा या रोगांनी घरेच्या घरे पोखरली जात. नवरा बाहेरून रोग आणायचा, बायकोला द्यायचा, आंधळी किंवा मेलेली मुले जन्मायची आणि दोष तिच्या कुशीला लागायचा. अशा समाजात हस्तमैथुनाने शरीर खंगते का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, असे विचारायला माणसाने जायचे तरी कुठे? डॉक्टर शरमेने गप्प, वैद्य भस्म विकायला टपलेला. भस्म विकणारा अजून गेलेला नाही. आपल्या एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंती वाचल्या तरी कळेल. स्वप्नदोष, धातू जाणे, कमजोरी आणि खाली मोबाईल नंबर. वयात आलेल्या मुलाच्या शरीरात सहज घडणारी गोष्ट आधी रोग ठरवायची, मग तिच्यावर औषध विकायचे. क्लासेससाठी लातूर-नांदेडला खोली करून राहणारी कितीतरी पोरे घरून आलेल्या पैशांतला काही भाग इथे घालवतात.

कर्व्यांची भाषा कोरडी होती. गणिताच्या माणसाची. समोरचा प्रश्न पाचकळ आहे की प्रामाणिक याची चौकशी करण्यात ते वेळ घालवत नसत. विचारले आहे, तर माहिती द्यायची. नीतीचा प्रश्न आला की ते पाहत, या कृतीने कोणाचे नुकसान होते का, कोणावर जबरदस्ती आहे का, कोणाची फसवणूक आहे का. ग्रंथात काय लिहिले आहे याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. आपण विहारात रोज तिसरे शील म्हणतो. त्याचा अर्थ मुलांना विचारा, बहुतेकांना फक्त परस्त्रीकडे पाहू नये एवढेच ठाऊक असते. बायकोच्या मनाविरुद्ध तिच्याजवळ जाणे, अल्पवयीन मुलीशी लग्न लावणे, आजार लपवून संबंध ठेवणे हेही त्या शीलाच्या कक्षेत येते की नाही, यावर चर्चा किती विहारांत होते?

सनातनी गप्प बसणार नव्हतेच. 1931 मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल पहिला खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. 1934 च्या फेब्रुवारीत दुसऱ्यांदा अटक झाली, ती वाचकांना दिलेल्या उत्तरांबद्दल. या वेळी बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतले. तेव्हा ते गोलमेज परिषदा आणि पुणे करार उरकून आलेले देशपातळीवरचे नेते होते. या खटल्यातून राजकारणात काही मिळणार नव्हते, बदनामी मात्र फुकट मिळणार होती.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. मासिक या विषयाला वाहिलेले आहे, वाचक प्रश्न विचारतात, तर संपादकाने उत्तर द्यायचेच, नाहीतर मासिक कशासाठी काढायचे? न्यायाधीश मेहतांना काही प्रश्नच विकृत वाटले. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे, की विकृती असलीच तर ती ज्ञानाने जाते, दडपून नव्हे. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचा आधार दिला आणि ज्याला जन्मतःच तशी ओढ आहे त्याने त्याच्या परीने सुख मिळवण्यात गैर काय, अशी बाजू मांडली. कोर्टाला हे पटले नाही. एप्रिलमध्ये निकाल लागला, दोनशे रुपये दंड.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले 6 सप्टेंबर 2018 रोजी. व्यभिचाराचे कलम 497 त्याच महिन्याच्या 27 तारखेला गेले. म्हणजे कर्व्यांवरच्या दोन्ही खटल्यांतले विषय कायद्याच्या दृष्टीने एकाच महिन्यात मोकळे झाले, चौऱ्याऐंशी वर्षांनी. आपल्या तरुणांत समलिंगी, तृतीयपंथी मित्रमैत्रिणी आहेत. जातीचा आणि याचा असा दुहेरी मार ते खातात. चळवळीत त्यांची टिंगल करणाऱ्याने निदान बाबासाहेबांचे नाव घेऊन करू नये.

कर्व्यांशी सगळीकडे सहमत व्हायला हवे असे नाही. त्यांच्या चौकटीत जात फारशी येत नाही. वेश्याव्यवसायावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि नैतिक तिटकारा बाजूला ठेवून लिहिले, हे त्या काळात मोठेच. पण त्या पेठेत कोणत्या जातींच्या मुली येतात आणि का येतात, हे बाबासाहेबांना दिसत होते. 16 जून 1936 ला मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत त्यांनी तो धंदा सोडण्याचे कळकळीचे आवाहन केले, ते त्याच जाणिवेतून. त्या आवाहनातला सूर आजच्या स्त्रीवादी अभ्यासकांना खटकतो. मलाही तो पूर्ण पचत नाही, पण कर्व्यांची जातीबद्दलची शांतता त्याहून जास्त खटकते.

लोकसंख्येच्या मुद्द्यावरही जपून बोलावे लागते. आज तो मुद्दा दलित आणि मुसलमानांवर बोट रोखण्यासाठी वापरला जातो. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, त्यांना संयम हाच मार्ग मान्य होता. बाबासाहेब कर्व्यांच्या बाजूचे. 10 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागे बाबासाहेबच होते. त्यात गरीब बाईच्या जिवाचा, तिच्या नको असलेल्या बाळंतपणांचा विचार होता. रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य असलेला, लहानपणीच आई गमावलेला आणि स्वतःची चार मुले पुरलेला माणूस हे मांडत होता. ठराव फेटाळला गेला.

मराठवाड्यात ही बाळंतपणे आजही फार लवकर सुरू होतात. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले आणि आपल्याकडच्या अनेक जिल्ह्यांत प्रमाण याहून बरेच जास्त आहे. ऊसतोडीला जाणारे आईबाप पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे म्हणून लग्न उरकतात, कोयत्याला जोडी मिळते हाही हिशेब असतो. शेजारच्या बीडमध्ये 13 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे 2019 च्या सरकारी पाहणीत समोर आले. कितीतरी जणींना साधा पांढरा प्रवाह, साधा संसर्ग होता. गोळ्यांनी बरा होणारा. पिशवी काढल्यावर शरीरात काय बदलते हे कोणी सांगितले नव्हते, त्यांनी विचारले नव्हते, कारण विचारायची लाज होती. आणि 2007 मध्ये याच राज्याने शाळांतले लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली थांबवले होते.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते, एचआयव्हीची मोफत तपासणी आणि समुपदेशन असते, 1097 या क्रमांकावर फोन करून नाव न सांगता विचारता येते. वस्तीतल्या वाचनालयात हे फलकावर लिहून ठेवायला काही खर्च येत नाही.

मासिक कधीच धंद्याने चालले नाही. पदरमोड करून, खटले अंगावर घेत, वर्गणीदारांची वाट पाहत कर्व्यांनी ते सव्वीस वर्षे दरमहा काढले. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट 2001 मध्ये आला, पुढे आपल्या औरंगाबादच्या अजित दळवींनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले, अतुल पेठेंनी ते बसवले. दोन्हींत कोर्टाचा प्रसंग आहे, गटाने बसून पाहण्याजोगा.

महर्षी कर्वे शंभरी ओलांडून जगले, 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. थोरला मुलगा त्यांच्या आधीच गेला होता. तारीख होती 14 ऑक्टोबर 1953, दीक्षाभूमीच्या 14 ऑक्टोबरला अजून तीन वर्षे होती. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर नोव्हेंबरमध्ये निघाला.