पोटाचा निरोप : अर्नेस्ट स्टार्लिंग

जेवणाची वेळ झाली की तुम्हांला भूक लागते. पोट भरले की हात थांबतो. पण पोट भरले ही खबर मेंदूपर्यंत कशी पोहोचते? याचे उत्तर शोधण्याची वाट ज्यांनी दाखवली, त्या शास्त्रज्ञाची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग.

स्टार्लिंग यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडन येथे झाला. सात भावंडांत ते सर्वांत मोठे होते. त्यांचे वडील वकील होते आणि नोकरीसाठी आपल्या मुंबईत राहत. त्या काळी मुंबईहून लंडनला बोटीने जावे लागे. त्यामुळे वडिलांची भेट क्वचितच होई. घराचा सारा भार आईवर होता.

वयाच्या सोळाव्या वर्षी अर्नेस्ट लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये वैद्यकशास्त्र शिकू लागले. पुढे जर्मनीतील हायडेलबर्ग येथेही त्यांनी शिक्षण घेतले. डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटून ते भरपूर पैसा मिळवू शकले असते. पण त्यांचे मन प्रयोगशाळेत रमले. १८९९ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. विल्यम बेलिस हे त्यांचे मित्र आणि मेहुणे. स्टार्लिंग उतावळे, तर बेलिस शांत. स्वभाव वेगळे असूनही दोघांची जोडी छान जमली.

त्या वेळी रशियातील पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाचे नाव जगभर गाजत होते. अन्न नुसते दिसले तरी तोंडात आणि पोटात पाचकरस सुटतो, हे त्यांनी दाखवले होते. हा हुकूम चेतातंतूंमार्फत जातो, हेही त्यांनी सिद्ध केले होते. अन्न जठरातून लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागतो. हेही काम चेतातंतूंचेच असावे, असे त्यांना वाटत होते.

स्टार्लिंग आणि बेलिस यांनी हे तपासून पाहायचे ठरवले. १६ जानेवारी १९०२ रोजी त्यांनी गुंगी दिलेल्या एका कुत्र्यावर प्रयोग केला. लहान आतड्याच्या एका भागाचे सर्व चेतातंतू त्यांनी कापले. फक्त रक्तवाहिन्या तशाच ठेवल्या. मग त्या भागात थोडे सौम्य आम्ल सोडले. चेतातंतू तुटले होते, तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला! मग निरोप गेला कसा?

स्टार्लिंग यांनी लगेच ओळखले की निरोप रक्तातून गेला असला पाहिजे. त्यांनी आतड्याचे आतील अस्तर खरवडले, ते आम्लात घोटून गाळले आणि तो अर्क रक्तवाहिनीत टोचला. थोड्याच वेळात रस वाहू लागला. आतड्यात तयार होणाऱ्या या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. अशा पदार्थांसाठी १९०५ साली स्टार्लिंग यांनी हार्मोन हा शब्द वापरला. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो.

संप्रेरकाचे काम समजायला सिद्धेश्वर धरणाचा कालवा आठवा. कालव्याचे पाणी अनेक शेतांजवळून वाहते. पण ज्या शेताकडे पाटाची वाट उघडी असेल, त्याच शेतात ते शिरते. तसेच संप्रेरक रक्ताबरोबर सगळ्या शरीरात फिरते. पण ज्या अवयवाला त्याची ओळख पटते, तोच अवयव कामाला लागतो.

ही बातमी रशियात पोहोचली. पाव्हलॉव्ह यांनी तोच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करून पाहिला आणि आपले मत चुकीचे होते हे मोकळ्या मनाने मान्य केले. १९०४ साली पाव्हलॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्टार्लिंग यांना ते कधीच मिळाले नाही. तरी त्यांचे संशोधन थांबले नाही. हृदयाच्या कार्याचा त्यांनी शोधलेला नियम आजही डॉक्टरांना शिकवला जातो.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अन्नाची टंचाई झाली. तेव्हा स्टार्लिंग यांनी सरकारला अन्नाविषयी सल्ला दिला. युद्ध संपल्यावर १९१९ साली ते जर्मनीत गेले. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशातील उपाशी लोकांची स्थिती त्यांनी पाहिली आणि तिचा अहवाल लिहिला. २ मे १९२७ रोजी जमैका बेटाजवळ बोटीवरच त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखवलेल्या वाटेवरून इतर शास्त्रज्ञ पुढे गेले. जेवणातील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटते. त्यामुळे भूक कमी होते, असे १९७३ साली दिसून आले. रिकाम्या जठरातून भूक वाढवणारे घ्रेलिन सुटते, हा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली लावला. यांतील काही निरोप रक्तातून जातात, तर काही चेतातंतूंमधूनही जातात. म्हणजे पाव्हलॉव्ह यांचेही म्हणणे पूर्ण खोटे नव्हते.

मित्रांनो, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला काही मिनिटे लागतात. घाईघाईने जेवले तर तो येण्याआधीच आपण जास्त खातो. म्हणून रोजचे जेवण असो वा रमजानमधील इफ्तार, सावकाश चावून खा. डाळ, उसळ, भाजी पोटभर घ्या. पोटाने निरोप दिला की हात थांबवा. आणि एखादी गोष्ट मोठ्या माणसाने सांगितली, तरी ती अदबीने तपासून पाहायला शिका.

स्वाध्याय
१. स्टार्लिंग यांच्या वडिलांची भेट क्वचितच का होई?
२. चेतातंतू कापल्यावरही स्वादुपिंडातून रस का वाहिला?
३. पाव्हलॉव्ह यांचा कोणता गुण तुम्हांला आवडला? का?