पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर



भाषेचे विद्यापीठ कसे असते हे बघायला आपल्या मुलांना फार लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय संस्कृत संस्थानाचा भोपाळ परिसर २००२ साली सुरू झाला, २०२० मध्ये संस्थानाचे केंद्रीय संस्कृत विश्वविद्यालय झाले, आणि त्या परिसराचा पत्ताच मुळी बाग सेवनियाचा आहे. बरकतउल्ला विश्वविद्यालयही हाकेच्या अंतरावर. तरीही दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आमच्याकडे एकच शंका घेऊन येतात. मुलीला भाषेची आवड आहे, संस्कृतात गुणही चांगले आहेत, पण प्राक्-शास्त्री, शास्त्री, आचार्य, विद्यावारिधि या पायऱ्यांपैकी तिने कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा? शाळेत चार वर्षे संस्कृत झाले म्हणजे पहिली पायरी ओलांडली असे समजायचे का? आणि गणित-विज्ञानाकडचा मुलगा आता भाषेकडे वळू म्हणाला तर त्याला उशीर झाला का?

या अंकात आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत त्यांच्यापुढे हाच प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उभा होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेमुळे त्यांचे नाव मोठ्यांना ठाऊक असते. ते स्वतः मात्र मुळात गणिताचे विद्यार्थी होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ चा, मालवणचा. घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वज खजिन्याच्या म्हणजे भांडाराच्या कामावर होते, म्हणून भांडारकर. वडील महसूल खात्यात कारकून. १८४७ साली त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि तिथल्या इंग्रजी शाळेत मुलाला घालता आले. ही बदली झाली नसती तर पुढचे सगळे घडलेच असते असे सांगता येत नाही. नोकरीतल्या बदल्यांना कंटाळलेल्या आपल्या पालकांसाठी ही गोष्ट मुद्दाम लिहिली!

१८५३ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. तिथे दादाभाई नौरोजी गणित शिकवीत, तेच पुढे काँग्रेसचे अध्यक्ष आणि ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झालेले दादाभाई. भांडारकरांचा ओढा गणिताकडेच होता. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांना दक्षिणा फेलोची जागा मिळाली. पेशव्यांच्या काळात विद्वानांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात शिष्यवृत्त्यांकडे वळवली गेली होती, तिच्यातूनच ही जागा निघाली होती. त्या वेळी शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृत शिकण्याची सूचना केली.

तेव्हा भांडारकर विशीत होते. वर्गात इतरांना शिकवू शकेल असा तरुण, आणि संस्कृतात त्याला अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची होती. पाठशाळेतली मुले सात-आठ वर्षांची असल्यापासून रूपावली आणि अमरकोश घोकत, त्यांच्या मानाने हा विद्यार्थी दहा-बारा वर्षे मागे. पण फेलो आहोत म्हणून एकदम वरच्या ग्रंथाला हात घालावा असे त्यांनी केले नाही. पुण्याला शास्त्र्यांच्या पुढ्यात बसून व्याकरण आणि न्याय त्यांनी जुन्या पद्धतीने, क्रमाने केले.

दरम्यान १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. १८६२ मध्ये त्याची पहिली बी. ए. ची परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे होते आणि भांडारकरही होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले. १८६४ मध्ये सिंधमधल्या हैदराबादच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक, आणि १८६५ मध्ये रत्नागिरीला, म्हणजे जिथे शिकले त्याच गावी, मुख्याध्यापक.

या मुख्याध्यापकपणाच्या काळातच त्यांच्या हातून जे काम झाले, ते आमच्या मते त्यांच्या सर्वांत उपयोगी कामांपैकी एक आहे. विद्यापीठात संस्कृत आले होते, शाळांतही येऊ घातले होते, आणि मुलांच्या हाती द्यायला पुस्तक नव्हते. एकीकडे पाठांतरावर उभी असलेली पाठशाळेची पद्धत, तिला दहा-बारा वर्षे हवीत. दुसरीकडे युरोपियन पंडितांची जाडजूड व्याकरणे, ती मोठ्यांसाठी. १८६४ साली भांडारकरांचे संस्कृतचे पहिले पुस्तक निघाले, मार्गोपदेशिका, आणि १८६८ साली दुसरे, मंदिरान्तःप्रवेशिका. पहिले वाट दाखवणारे, दुसरे देवळाच्या आत नेणारे.

ज्यांनी ही पुस्तके पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संस्कृत धातूंचे दहा गण आहेत. परंपरेने ते पहिल्यापासून दहाव्यापर्यंत ओळीने येतात आणि दुसऱ्याच गणाशी मूल अडखळते, कारण तिथे रूपे वाकडीतिकडी होतात. भांडारकरांनी क्रम मोडला. ज्यांची रूपे एका साच्यातून निघतात ते पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे चार गण त्यांनी आधी घेतले. वर्तमानकाळ, थोडीशी नामे, दोन-चार नियम, लगेच वाक्ये. संस्कृतातून इंग्रजीत आणि उलटही. अवघड गण, परोक्ष भूतकाळ वगैरे मंडळी दुसऱ्या पुस्तकात. नियम पाणिनीचेच, शिडी मात्र विद्यार्थ्याच्या पायाच्या मापाची. विशीत शून्यापासून सुरुवात केलेल्या माणसालाच अशी शिडी सुचली असावी असे आम्हांला वाटते. ज्याला आठव्या वर्षी सगळे तोंडपाठ झाले, त्याला कुठे अडखळायला होते हे कसे आठवणार?

१८६८ नंतर ते एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाच्या जागी हंगामी काम करू लागले. काम उत्तम होते. पण जागा कायम भरायची वेळ आली तेव्हा ती पीटर पीटरसन या विलायतेहून आलेल्या तरुण विद्वानाला दिली गेली आणि भांडारकर दुय्यम जागेवर राहिले. हा अन्यायच होता, आम्ही त्याला दुसरे नाव देणार नाही. भांडारकरांनी नोकरी सोडली नाही. लिहिणे त्यांनी चालू ठेवले, आणि पुढे याच पीटरसनांशी पतंजलीच्या काळावरून त्यांचा जो वाद झाला तो शोधनिबंधांतून झाला, पुरावे मांडून.

तो पतंजलीचा प्रश्न मोठा गमतीचा आहे आणि नववी-दहावीच्या मुलांना सहज समजेल. पतंजलीने पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिले, पण केव्हा? ग्रंथात साल नाही. व्याकरण सांगताना पतंजली उदाहरणे मात्र देतो. एका उदाहरणात यवनाने म्हणजे ग्रीकाने साकेत नगरीला, म्हणजे अयोध्येला, वेढा घातल्याचे येते. तिथे वापरलेला भूतकाळ असा, की घटना बोलणाऱ्याने पाहिलेली नसली तरी ती त्याच्या हयातीतली असावी लागते. गोल्डस्ट्यूकर या पंडिताने १८६१ मध्ये हे दाखवले होते. भांडारकरांनी १८७२ साली त्याच्या जोडीला दुसरे उदाहरण ठेवले. पुष्यमित्र राजाचा यज्ञ आपण करीत आहोत, अशा अर्थाचे ते वाक्य वर्तमानकाळात आहे, आणि सुरू झालेली पण न संपलेली क्रिया दाखवण्यासाठी दिले आहे. म्हणजे लिहिणारा पुष्यमित्र शुंगाच्या राज्यातच बसला आहे! यावरून पतंजली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा ठरतो. काळ ओळखा आणि रिकाम्या जागा भरा हे प्रश्न कंटाळवाणे वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. क्रियापदाच्या काळावरून माणसाचा काळ निघाला.

१८७७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत पहिली व्याख्याने देण्याचा मान भांडारकरांना मिळाला. सात व्याख्याने झाली. संस्कृत कशी वाढली, पाली आणि तिच्या काळच्या बोली, प्राकृत आणि अपभ्रंश, मग आजच्या भाषांचे उच्चार, त्यांत टिकलेली जुनी रूपे, नवी घडलेली रूपे, आणि शेवटी या सगळ्यांचे एकमेकांशी नाते. ही व्याख्याने १९१४ साली पुस्तकरूपाने आली. आज ज्याला आपण भाषाविज्ञान म्हणतो, त्याचा अभ्यास आपल्याकडच्या विद्यापीठात एका भारतीयाने अशा पद्धतशीर रीतीने मांडल्याचे हे फार आरंभीचे उदाहरण आहे.

त्यांच्या रीतीची चव कळावी म्हणून उदाहरणे आपल्या घरातलीच घेऊ. संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात, हिंदी हाथ. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. जोडाक्षर सैल झाले की मागचा स्वर लांबतो, हा नियम मराठीत आणि हिंदीत सारखाच चालला. मग वेगळे काय झाले? मराठीने नपुंसकलिंग ठेवले, हिंदीने सोडले. म्हणून घरी ते दही आणि शाळेबाहेर वो दही, खट्टा है. भोपाळच्या मराठी मुलाच्या तोंडी दह्याचे लिंग दिवसातून चारदा बदलते, आणि आजी दर वेळी ते सुधारते. आजीचे बरोबर आहे. पण मुलाची ती चूक म्हणजे हजारभर वर्षांच्या इतिहासाचा एक तुकडा आहे, एवढे आजीलाही सांगायला हरकत नाही.

डेक्कन कॉलेजातले जर्मन प्राध्यापक कीलहॉर्न मायदेशी परतल्यावर १८८२ साली भांडारकर पुण्याला त्या जागेवर आले आणि १८९३ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. १८८५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली, १८८६ मध्ये ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. १८९३ ते १८९५ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, १९११ मध्ये सर.

मान-सन्मान आम्ही भरभर सांगितले. १८९१ साल मात्र असे सोडता येत नाही. त्या वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून देशभर रणे माजली होती. विरोधक शास्त्राचा आधार देत होते. भांडारकरांनी तीच शास्त्रवचने मुळातून तपासून शास्त्राचा अर्थ काय निघतो यावर टिपण लिहिले. मुलींच्या जिवाचा प्रश्न होता आणि उत्तर संस्कृत वाक्यांच्या नेमक्या अर्थावर अडले होते. त्याच सुमारास त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. समाजाचा रोष घरावर आला, तो त्यांनी सोसला.

आपल्या भागाशीही या घराण्याचा संबंध आहे. त्यांचे चिरंजीव श्रीधर हे १९०४ ते १९०६ मध्ये हस्तलिखितांच्या शोधात राजपुताना आणि मध्य भारत हिंडले. दुसरे चिरंजीव देवदत्त यांनी १९१३ ते १९१५ या काळात विदिशेजवळ बेसनगरला उत्खनन केले. सहलीला गेलेल्या मुलांनी तिथला खांब बाबा पाहिला असेलच. तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोर या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी उभारलेला तो गरुडध्वज. त्यावरचा लेख ब्राह्मी लिपीत आहे, भाषा प्राकृत. रामकृष्णपंतांनी १९१३ च्या आपल्या वैष्णव व शैव पंथांवरील ग्रंथात वासुदेवभक्तीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून हा लेख वापरला. वडील लेख वाचीत होते आणि मुलगा तिथली माती उकरत होता!

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये तिथे सुरू झाले आणि मूळ संहिता १९६६ साली पुरी झाली. भांडारकर २४ ऑगस्ट १९२५ रोजी वारले.

आता पालकांच्या शंकेकडे. भाषाविज्ञान आपल्या देशात बहुतेक ठिकाणी एम. ए. च्या पायरीवर सुरू होते, त्यामुळे पदवी कुठल्या विषयाची हवी हे त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आधी बघावे. बी. ए. ला संस्कृत, मराठी, हिंदी यांपैकी एखादी भाषा नीट झाली असली तर पुढे मदत होते. गणितवाल्यांनीही बिचकू नये, ध्वनी आणि वाक्यरचना यांच्या अभ्यासात त्यांची बुद्धी चांगली चालते. पायरी ठरवताना मात्र गुणपत्रिकेपेक्षा एक सोपी परीक्षा घ्यावी. शाळेत चार वर्षे संस्कृत झालेल्या मुलापुढे पहिल्या पुस्तकातली मधली वाक्ये ठेवावीत. न अडता अर्थ लागला तर दुसरे पुस्तक घ्यावे, अडखळायला झाले तर पहिल्या धड्यापासून, लाज न बाळगता.

भांडारकरांच्या या दोन्ही पुस्तकांच्या प्रती शाळेच्या वाचनालयात आहेत. ज्यांना ही परीक्षा घेऊन बघायची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मागून घ्याव्यात. पहिल्या पुस्तकाची पाने सुटली आहेत, तेवढी सांभाळून उलटावीत.