डॉक्टर नावाचे 'खरे'

रामदासपेठ आणि शेजारची धंतोली म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांची वसाहतच. इमारतींवर दवाखान्यांच्या पाट्यांची दाटी असते आणि रुग्णाची नजर पदव्यांआधी आडनावावर जाते. दाते आडनावाचा दंतवैद्य जन्मतःच पात्र ठरतो. मारणे किंवा दुखंडे आडनावाच्या डॉक्टरला मात्र पहिल्या भेटीतले हसू सोसावेच लागते. रोगनिदान करणाऱ्यास शोभेल असे एक आडनाव याच शहराने शतकापूर्वी पाहिले. ते होते डॉ. नारायण भास्कर खरे यांचे.

मूळचे पनवेलचे असलेल्या खरे यांचे महाविद्यालयीन शिक्षण जबलपूरला आणि वैद्यकीय शिक्षण लाहोरला झाले. 1913 मध्ये पंजाब विद्यापीठाची एम. डी. पदवी मिळवून पुढे त्यांनी नागपुरात व्यवसाय थाटला. त्या काळी नागपूरचे राजकारणही डॉक्टरांच्याच हाती होते. डॉ. मुंजे नेत्रवैद्य, डॉ. हेडगेवार कलकत्त्याहून वैद्यकी शिकून आलेले. खरे काँग्रेसमध्ये गेले, 'तरुण भारत' पत्र त्यांनी सुरू केले आणि 1937 मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्यास तेव्हा पंतप्रधानच म्हणत.

आडनावाची कसोटी लागली ती जुलै 1938 मध्ये. महाकोशलातील हिंदी भाषक सहकाऱ्यांशी बिनसल्यावर खरे यांनी श्रेष्ठींना न विचारताच राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल यांच्यासह तीन मंत्र्यांनी राजीनाम्यास नकार दिला, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना बडतर्फ केले. खरे यांनी लगेच नवे मंत्रिमंडळ बनविले. त्यात दलित समाजाचे अग्निभोज होते. आगीशी खेळणाऱ्या त्या मंत्रिमंडळाला हे आडनावही साजेसेच म्हणायचे. दोन-तीन दिवसांत खरे यांना पुन्हा पायउतार व्हावे लागले. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविले. आपल्यावर अन्याय झाला, हे ते नंतर जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हतेच असे नाही; पण निदान बरोबर असूनही शस्त्रक्रियेची घाई नडावी, तसे ते झाले.

पुढे 1943 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील निर्बंधांविरुद्ध त्यांनी जशास तसे हे धोरण हिरिरीने राबविले. त्यांच्या कारकिर्दीतील हा भाग आज जवळपास विसरला गेला आहे.

एप्रिल 1947 मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्या वर्षी तेथील मेव मुसलमानांची भीषण कत्तल झाली, हजारोंना घरदार सोडावे लागले आणि संस्थानचे सैन्यही त्यात सामील होते. राज्यकारभाराची सूत्रे हाती असलेल्या खरे यांच्याकडे ही जबाबदारी येतेच. जीव वाचविण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाच्या चरित्रातले हे पान वाचताना आडनावाची गंमत सुचत नाही. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी 1948 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्यावर संशय घेण्यात आला, परंतु कटातील सहभागाचा पुरावा मिळाला नाही.

नंतर ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले आणि लोकसभेतही गेले. 1959 मध्ये त्यांनी आपल्या राजकीय आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या आणि 1938 चा हिशेब तपशीलवार मांडला. 1970 मध्ये त्यांचे निधन झाले.