विश्लेषण : परदेशी शिष्यवृत्ती मिळाली, पण परत यायचे का? मुर्डीच्या रँग्लरचे उत्तर

परदेशात पीएचडीसाठी शिष्यवृत्ती मिळाली की पुढचा प्रश्न ठरलेला : परत यायचे का? कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीत तर शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याची अटच असते. हर्णे परिसरातील एका विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच आला होता.

कोण होते ते?
रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १६ फेब्रुवारी १८७६, हर्णे बंदराच्या उत्तरेला, खाडीपलीकडच्या मुर्डी गावात. नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले.

शिष्यवृत्ती कोणती?
भारत सरकारची. तिच्या आधारावर ते १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तेव्हा केंब्रिजमध्ये पीएचडी नव्हतीच. ती पहिल्या महायुद्धानंतर आली. गणितात खरी कसोटी ट्रायपॉस परीक्षेची. १८९९ मध्ये परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल संयुक्तपणे पहिले आले. सीनिअर रँग्लर झालेले परांजपे हे पहिले भारतीय. पुढे सेंट जॉन्सने त्यांना फेलोही केले.

परत आल्यावर काय?
सरकारी खात्यातील मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९०२ मध्ये प्राचार्य झाले आणि सुमारे दोन दशके त्या पदावर राहिले. १९२१ मध्ये मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. ६ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?
शिष्यवृत्तीचा पैसा एकाच विद्यार्थ्यावर खर्च झाला. तो परतला, म्हणून त्याचा लाभ फर्ग्युसनच्या वर्गांत बसलेल्या कित्येक तुकड्यांना मिळाला. परतण्याच्या अटीमागचा हेतू हाच आहे.